वडीचा मधला थर

प्रमोद,

तुझी वडी अजून जेवतेय. आज सकाळी लॅब उघडली तर काल घातलेलं गुलाबी पाणी पिवळं पडलेलं. पिवळं पडलं म्हणजे आतल्या पेशींनी खाल्लं, एवढं तर आता तुझ्या माईलासुद्धा माहीत झालंय. ते पाणी काढलं, ताजं घातलं, सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता तो टिचकी मारून काढला. मग बीएस्सीचा तास घेतला. रक्ताभिसरणाचाच धडा होता. पोरांनी वह्यांत उतरवून घेतला. घरी गेलो, जेवलो. सुनीता म्हणते, "अहो, एकदा रडून घ्या." अगं, येतच नाही रडू, तर काय नळ आहे का सोडायला?

खरं सांगतो यार, काहीच वाटत नाहीये. तुझ्या पुण्यानुमोदनाला महूचे तुझे सगळे पाहुणे आले होते. मी पाणी वाटत होतो. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवत होते आणि मला वाटत होतं, हे कोणाच्या खांद्यावर हात ठेवतायत? फक्त एकदाच डोकं तापलं. आपले विभागप्रमुख माइकवर गेले आणि म्हणाले, जो माणूस आयुष्यभर रक्तवाहिन्या घडवत होता त्याचीच रक्तवाहिनी बंद पडावी, केवढा हा दैवाचा खेळ! विहारात उभं राहून दैवाचा खेळ! तू असतास तर खाली बसल्या बसल्या मला म्हणाला असतास, "सुभेदार, इनको कोई नीचे उतारो रे." दैव-बैव काही नाही. तू बिड्या ओढायचास. डॉक्टरने दोनदा सांगितलं, तू दोन्ही वेळा त्यालाच बिडी ऑफर केलीस आणि वर कचोरी खायला घेऊन गेलास.

तू गेलास त्या रविवारचं मी फार डोक्यात येऊ देत नाही, पण येतंच. मी विजय नगरला घरी होतो, टँकरची वाट बघत. तू सकाळीच उठून लॅबला आलास, कारण सोमवारी वडी कापायची ठरली होती आणि त्याआधी तिला एक दिवसही उपाशी ठेवायचं नव्हतं. माईने पोहे परतायला घेतले होते. तू म्हणालास, आलोच, तिला जेवायला घालून येतो. वडीला घातलंस, कुलूप लावलंस, समोरच्या टपरीवर चहा सांगितलास आणि चहा यायच्या आत बाकावरच आडवा झालास. टपरीवाला समजला, भिया थकलेत.

तेव्हापासून माई एकच वाक्य म्हणत होती. पाहुणे आले, भंतेजी आले, शेजारच्या बायांनी तिला धरलं, आणि ती आपली, "उपाशी गेला माझा पोरगा." कढईतले पोहे तिने संध्याकाळपर्यंत कोणाला काढू दिले नाहीत.

तुला आठवतं, वडी हे नाव तिच्यामुळेच पडलं? मिल बंद झाली त्याच वर्षी आपल्याला लॅबसाठी ती मागची खोली मिळाली होती. तुझे बाबा मिलच्या लूम खात्यात. गेटला कुलूप लागलं तरी ते रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसायचे, आणि इकडे सगळी बिरादरी तुझ्या मागे लागली होती की पोरा, औषध कंपनीत लाग, एमआर हो, बॅग मिळते, मोटरसायकल मिळते. नव्या कंपन्या धडाधड येत होत्या, माणसं पाहिजेच होती त्यांना. तू त्यांना सांगितलंस, मी चामडी बनवतो. तुझे बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बनते का पण?" तू म्हणालास, "वरची बनते. जाडी नाही बनत."

तेच तर सगळं दुखणं होतं. जळीत वॉर्डात आपण ज्या बायांना बघून यायचो, त्यांना पापुद्रा पुरत नव्हता, खालची मांसल कातडीही हवी होती. एक पातळ थर वाढवणं अवघड नव्हतं. थरावर थर चढवले की बाहेरचे खायचे आणि मधला मरायचा. खाणं आतवर पोचतच नव्हतं. प्रत्येक वेळी तेच. आपण वडी मधोमध कापायचो, निळ्या रंगाचा थेंब टाकायचो आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचो. मेलेली पेशी तो रंग आत घेते आणि निळी होते, जिवंत असेल ती घेत नाही, कोरी राहते. वर कोरं, खाली कोरं आणि मध्ये निळा पट्टा. तू डोळा न काढताच म्हणायचास, "गेला बिचारा."

मग तू म्हणालास, मध्ये दोरे घालू. ओल्या मिश्रणात दोरे आडवे ठेवायचे, मिश्रण जमलं की ओढून काढायचे, म्हणजे आत बोगदे राहतील. बोगद्यांना आतून खऱ्या रक्तवाहिनीच्या पेशींचं अस्तर लावायचं आणि त्यातून खाणं फिरवायचं. कल्पना झकास. पण दोरा निघेना. निघाला की सोबत अर्धी वडी घेऊन यायचा. तू घरी जाऊन माईला विचारलंस, तू थाळीतून वडी अख्खी कशी काढतेस? ती म्हणाली, त्यात काय, आधी तूप लावायचं. आणि तू, एमएस्सी, पीएचडी, दुसऱ्या दिवशी दोऱ्याला तूप लावून आणलंस! घरचं, रवाळ! मीही शहाणा, हुंगून म्हणालो, वा. दोरा काय सुर्रकन निघाला. आपण दोघांनी जिलबी खाल्ली त्या आनंदात. आठवडा उलटायच्या आत वडीवर मांजरीच्या पाठीसारखी बुरशी. माईला सांगितलं तर ती म्हणाली, फ्रिजमध्ये ठेवायची होती ना. शेवटी टाके घालायचा नायलॉनचा दोरा घेतला, तो गुळगुळीत, तो निघाला. पण नाव वडीच राहिलं.

आणि अस्तरासाठी बाळांच्या नाळा. नाळेतल्या शिरेच्या आतून त्या पेशी धुऊन घ्यायच्या. बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर तू उभा राहायचास आणि आज्या तुला हाकलायच्या. एक आजी तर चप्पल घेऊन उठली होती. "नाळ पुरायची असते रे मेल्या, ती काय दुकानात द्यायची वस्तू आहे?" तू म्हणालास, "आजी, पुराच. मी फक्त आतून धुऊन घेतो आणि उद्या आणून देतो." मला वाटलं, कटवतोय म्हातारीला. पण तू दुसऱ्या दिवशी खरोखर सायकल काढलीस आणि नाळ नेऊन दिलीस. तेव्हापासून तो नियमच झाला. ज्यांनी मागितली त्यांना प्रत्येकाला परत. शेव-फरसाणाच्या दुकानातली कोरी पुडकी तू त्यासाठी मागून आणायचास. इंदूरच्या कितीतरी अंगणांत तू धुतलेल्या नाळा पुरलेल्या आहेत. तुझ्या मयताला एक बाई आली होती, कडेवर पोरगी. मी ओळखलं नाही. तिने फक्त सांगितलं, "हिची नाळ नेली होती सरांनी. लौटा भी गए थे."

आता आपलं भांडण. ते कुठे संपलंय?

तुझं म्हणणं, आधी वाहिन्या, मग पेशी. माझं म्हणणं, इतका खटाटोप कशाला? पातळ थर जखमेवर ठेव, शरीर आपणहून त्यात वाहिन्या पाठवेल, मग वर दुसरा ठेव. पेशी भूक लागली की हाका मारतात, वाहिन्या येतात. हे मी काही हवेत बोलत नव्हतो, पुस्तकात आहे. पण तुला माझं घरच सापडलं होतं. विजय नगरच्या पुढे माझा प्लॉट, घर बांधून झालं, राहायला गेलो आणि नर्मदेच्या पाण्याची लाइन आलीच नाही. रोज टँकर. तू वास्तुशांतीला आलास, जेवलास आणि सगळ्यांच्या देखत म्हणालास, "सुभेदार, तू लाइन आए बिना घर बांधलंस. आता मार हाका, बघू नर्मदा येते का."

"येईल. वस्ती झाली की येईलच."

"तोवर तू टँकरवर जगशील. पेशीला टँकर नसतो, भिया."

सुभेदार म्हणून तू मला चिडवायचास, कारण माझे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते म्हणे. मी चिडलो की म्हणायचास, खरा सुभेदार तर माझा आजोबा, महूच्या छावणीत पेन्शन घेऊन निवृत्त झालेला. तुझ्याकडे नुसतंच पागोटं. ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबायचं.

या वेळची वडी तुझ्या पद्धतीची होती. बोगदे आधी, अस्तर आधी, मग थर. आणि पेशी तुझ्या स्वतःच्या. डाव्या दंडाची चामडी काढून घेतली होतीस आणि पट्टी बांधून वर्गात शिकवत होतास. तुझ्या बाकीच्या पेशी उन्हाळ्यात लाइट गेली तेव्हाच मेल्या. म्हणजे जे काय उरलंय ते एवढंच, त्या एका काचेच्या डबीत. आणि मधला थर जगला का, हे कळायला ती कापावी लागणार. कापली की संपली.

सोमवारी मी कापली नाही. मंगळवारीही नाही. जेवण मात्र चुकवलं नाही.

मग माई आली. एकटीच, टेंपोने. दाराबाहेर चपला काढल्या. तूच सांगितलं होतंस ना तिला, बाहेरची धूळ आत नको. कोणाकडून तरी तिच्या कानावर गेलं होतं. उभ्या उभ्याच म्हणाली, "अरुण, त्याचं काही जिवंत आहे म्हणे इथे?"

मी दाखवली. तिने डबीकडे बघितलं, हात लावला नाही. मी कडेच्या पेशी मायक्रोस्कोपखाली धरल्या आणि तिला स्टुलावर बसवलं. चष्मा काढून, घालून, परत काढून तिने बघितलं.

"हे कुठलं रे त्याचं?"

"दंडाचं."

"मला म्हणाला टेंपोचा पत्रा लागला! मी हळद लावून दिली." मग बराच वेळ बघून, "हालत तर नाही."

"हालतात, माई. फार हळू."

तिने गुलाबी पाण्याची बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली. "हे खातो? यात मीठ आहे?"

"आहे. साखरही आहे."

"तिखट?"

"नाही."

"मग नाही आवडायचं त्याला," ती म्हणाली. आणि पदर तोंडाला लावला. मी तिथेच उभा होतो, प्रमोद. मला काहीतरी व्हायला पाहिजे होतं. मी बाटलीचं बूच लावलं.

जाताना तिने माझा हात धरला. "तो काप म्हणाला होता, मला माहीत आहे. पण कापू नको रे इतक्यात. राहू दे." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्या दिवसापासून ती रोज कोपऱ्यावरच्या पीसीओवरून विभागात फोन करते. सकाळी, आधी मिलचा भोंगा व्हायचा त्या सुमारास. भोंगा झाला की तू पाणी बदलायला उठायचास, भोंगा बंद झाल्यावर काही दिवस आपली वेळच चुकायला लागली होती. आता तिचा फोन आला की मी उठतो.

"जेवला का रे?"

"जेवला, माई."

"बराबर?"

"पिवळं झालंय सगळं."

"बरं." आणि ठेवते.

मी एकदा धीर करून समजावायला गेलो की माई, हे काही प्रमोद नाही. ती असली भडकली! "मी येडी वाटले का तुला? जाळून आलो त्याला, माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण एवढ्या वर्षांची सवय आहे, जेवला का विचारायची. कोणाला विचारू मग? भिंतीला?"

एवढं लिहून कागद खणात ठेवला होता, कारण पुढे काय लिहायचं ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

काल सकाळी पाणी गुलाबीच होतं. नीट बघितलं तर जेमतेम नारिंगी. वडी कडेने आक्रसली होती आणि एका बोगद्यातून थेंब पडायचा थांबला होता. फोन आला.

"जेवला का?"

"थोडंसं, माई. आज कमी."

ती म्हणाली, "काल पण तू उशिरा बोललास. मला वाटलंच." आणि मग, "आता काय?"

मी जसं आहे तसं सांगितलं. की एक वाट बंद झालीय, आता बाकीच्याही होतील. आपोआप मेली तर सगळीच निळी होईल, आणि तुझं खरं की माझं, ते कधीच कळणार नाही. कापायची असेल तर आज.

"त्याला कळायला पाहिजे होतं ना?"

"त्याचसाठी तर सगळं केलं त्याने."

"मग मला काय विचारतोस? तुझं काम कर," ती म्हणाली. आवाज कडक होता. पण ठेवायच्या आधी म्हणाली, "कापायच्या आधी एकदा ताजं घाल."

मी ताजं घातलं. उगाच, पण घातलं. दुपारपर्यंत वाट बघितली. मग तुझीच सुरी घेतली, तुझ्यासारखीच मधोमध कापली, पातळ चकती काढली, निळा थेंब टाकला, धुतला. स्टुलावर बसलो तर ते तुझ्या उंचीला लावलेलं, माझे पाय लोंबकळत होते. कड बघितली. कडेला निळं होतं, बरंच. वरच्या थरातही ठिपके होते. मी मनात म्हणालो, चला, झालं, आणि काच सरकवली.

मध्ये काही नव्हतं. म्हणजे निळं नव्हतं. मी उजेड कमी केला, परत वाढवला. बोगद्यांच्या भोवती, दोन बोगद्यांच्या मध्ये, थेट मधोमध, सगळं कोरं. पेशी लांबट, एकमेकींना धरून बसलेल्या. दुसरी चकती काढली, तिसरी काढली. तेच. कड मरत होती आणि मधला थर जिवंत होता. इतक्या वर्षांत आपण हे कधीच बघितलं नव्हतं, आणि जेव्हा दिसलं तेव्हा दुसरा डोळा लावायला खोलीत कोणी नव्हतं. मी सवयीने सरकून जागा केली. अबे, ये ना.

जिंकलास तू. लाइन आधी, घर मग. मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. पण तुझ्याशिवाय हरण्यात काही मजा नाही, सांगून ठेवतो. मी अजूनही म्हणू शकतो की जखमेवर ठेवल्यावर काय होईल ते बघायचं बाकी आहे, आणि तू म्हणशील, "हां, आता पळवाट शोध." म्हण की.

आज सकाळी फोन वाजला तेव्हा मी आधीच तिथे जाऊन उभा होतो.

तिने विचारलं नाही. मीच बोललो, "माई, काल कापली."

पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. बूथवाल्याने तिला मागून काहीतरी विचारलं, ती त्याला म्हणाली, "रुको भैया." मग मला, अगदी हळू, "जेवला होता का?"

"जेवला होता, माई. पार मधल्या थरापर्यंत. आत कुठेच कोणी जेवायचं राहिलं नव्हतं."

"मधल्यापर्यंत पोचलं?"

"पोचलं."

"मग उपाशी नाही गेला," ती म्हणाली.

"नाही, माई," मी म्हणालो. "पोटभर जेवून गेला."